फरक घटला

कोचसाहेब बोलताना डावा पाय जमिनीवरून उचलत नसत. उजवा पाय मात्र हवा तिकडे जाई. स्टाफरूमच्या मधोमध उभे राहून ते आधी हिंदीच्या मॅडमशी बोलत, मग डाव्या चवड्यावर वळून माझ्याशी, आणखी वळून चहा आणणाऱ्याशी, आणि पुन्हा मॅडमपाशी येईपर्यंत त्यांची एक प्रदक्षिणा पुरी झालेली असे. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात धरून उभ्या असलेल्या खेळाडूनं एक पाय रोवून ठेवायचा असतो. तो उचलून सरकवला की ट्रॅव्हलिंग, आणि चेंडू समोरच्या संघाला. कोचसाहेबांच्या हातात चेंडू नसे. चहाचा कप असे, कधी हजेरीपट असे, एकदा तर कुणाचं तरी तान्हं मूल होतं. पण हातात काहीही असलं की पाय रोवायचा, हा नियम त्यांनी खेळापुरता ठेवला नव्हता.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगत की लग्नात सप्तपदीच्या वेळी यांनी भटजींना विचारलं होतं, मध्ये चेंडूचा टप्पा न देता सात पावलं कशी चालतील. भटजींना वाटलं, मुलगा लग्नाला नाही म्हणतोय. दोन्हीकडची माणसं समजूत घालायला धावली.

गळ्यात शिट्टी असे, शर्टाच्या आत, जानव्याच्या शेजारी. तीही फक्त मैदानासाठी नव्हती. एका लग्नात जेवणाची रांग मोडून कुणी एक गृहस्थ पनीरपाशी घुसले, आणि शिट्टी वाजली. सगळा मांडव थांबला. वरमालेचा हात हवेत राहिला. कोचसाहेबांनी हातानं रेषेबाहेर गेल्याची खूण केली, त्या गृहस्थांना रांगेच्या शेवटी पाठवलं आणि मग स्वतःच्या ताटात दहीवडा वाढून घेतला. गृहस्थ गेले, हे विशेष. शिट्टीत काहीतरी असायचं.

स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य फार लांबले तर ते एका हाताचा तळवा दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवा धरून टाइम-आउट मागत. जुने प्राचार्य देतही असत. तेवढ्या मिनिटात आम्ही चहा पिऊन घ्यायचो.

असे पुष्कळ किस्से त्यांच्याबद्दल सांगितले जातात आणि ते सगळे खरे आहेत. पण एक असा आहे की तो सांगून झाल्यावर लोक सगळ्यात जास्त हसतात: एका गुणानं मागे असताना, चेंडू स्वतःच्या हातात असताना, कॉलेजच्या संघानं चेंडू फेकलाच नाही, कोचनंच तसं शिकवलं होतं. हा किस्साही खरा आहे. फक्त त्यातला माणूस चुकीचा आहे. खरा माणूस मी आहे.

माझे वडील पुण्याहून बदलीवर इथल्या कारखान्यात आले. मी भोपाळातच वाढलो, भोपाळातच केमिस्ट्री शिकवायला लागलो. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. बास्केटबॉल संघाचा मॅनेजरही मी त्यामुळेच झालो. संघाबरोबर एक प्राध्यापक लागतो, तर कोण होतंय, असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं. बाकीच्यांनी भराभर कारणं दिली. माझं कारण अजून ओठांपर्यंत यायचं होतं, तोवर माझं नाव लिहूनही झालं. खेळातलं मला काही कळत नसे. कोचसाहेब म्हणाले, "काही बात नाही, प्रोफेसर. तुम्ही फक्त पाण्याच्या बाटल्या आणि मुलं, दोन्ही मोजून परत आणा."

ते ग्वाल्हेरचे. त्यांचं मराठी हिंदीच्या वळणानं चालायचं, आणि बहुतेक वाक्यं "बात अशी आहे" पासून निघायची. माझ्याशी ते मराठीत बोलत, मुलांशी हिंदीत, आणि रेफरीशी फक्त शिट्टीनं.

आमचा पुरुषांचा संघ हरत असे. हे सरळच सांगितलेलं बरं. कधीपासून हरत होता हे ठाऊक असलेलं कुणी कॉलेजात उरलं नव्हतं. सगळ्यात जुना शिपाईसुद्धा "हमारे टाइम में भी" एवढंच म्हणून पुढं काही बोलत नसे. पण कोचसाहेबांच्या मते आमचं रेकॉर्ड उत्तम होतं. त्यांची मोजायची रीत वेगळी होती. मी पहिल्यांदा संघाबरोबर गेलो तेव्हा आम्ही बावीस गुणांनी हरलो. मी मान खाली घालून बाटल्या गोळा करत होतो, तर मुलं नाचतायत. मी विचारलं, काय झालं. कोचसाहेब डाव्या पायावर माझ्याकडं वळले. "मागच्या वर्षी यांच्याकडून एकतीसनं हरलो होतो. या वर्षी बावीस. म्हणजे नऊनं जिंकलो ना आपण."

याला ते फरक म्हणत. फरक घटला की पोहे-जिलेबी. ते स्वतः उभे राहून प्रत्येकाच्या पोह्यांवर शेव नीट पडली की नाही ते बघत. फरक वाढला तर कुणाला बोलत नसत. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसत आणि सगळा वेळ रस्त्याकडं बघत. मुलांना त्या पाठीची भीती वाटायची. म्हणून सामना हातचा गेला, वीस-पंचवीसनं मागं पडलो की आमच्या मुलांच्या अंगात यायचं. समोरचे सैल पडलेले असायचे आणि आमचे एकेका गुणासाठी जमिनीवर लोळायचे. शेवटची दहा मिनिटं आमच्याइतकं चांगलं खेळणारा संघ भोपाळात नव्हता. आणि एकदा फरक घटला, मागच्या वर्षीपेक्षा कमी झाला, की चेंडू राखायचा. उगाच फेकून समोरच्याला द्यायचा नाही. याला ते "फर्क सँभालना" म्हणत. हे त्यांनी मुलांना इतकं घोटून शिकवलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी मुलांनी चेंडू छातीशी धरला असता.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, मुलांना हरायची सवय नाही का लागणार. ते म्हणाले, "बात अशी आहे, प्रोफेसर, जिंकणाऱ्या पोराजवळ घरी न्यायला कप असतो. हरणाऱ्यानं काय न्यायचं?"

आमचं कोर्ट कॉलेजच्या मागं होतं, सिमेंटचं. त्याचा एक कोपरा नाल्याकडं उतरता होता, त्यामुळं चेंडू सोडला की आपोआप तिकडं निघायचा. मुलं त्याच उतारावर शिकलेली. प्रत्येक पास थोडा चढाच्या बाजूला द्यायचा हे हातात बसलेलं. दुसऱ्यांच्या सपाट कोर्टावर गेलं की आमचे पास प्रेक्षकांत. शिवाय एका बास्केटवर कडुलिंबाची फांदी आली होती. डावीकडून फेकायचं तर फांदीच्या वरून, उंच कमान काढून फेकावं लागे. फांदी तोडू या, असं मी सुचवलं, तर म्हणाले, फांदी नसती तर मुलांना कमान कुणी शिकवली असती. परक्या कोर्टावरही आमची मुलं नसलेल्या फांदीला वळसा घालून चेंडू टाकत. बघणाऱ्यांना ती काहीतरी शैली वाटायची.

संघ कसा जमायचा तेही सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत कोचसाहेब ऑफिसच्या खिडकीशेजारी खडूची रेघ मारून बसत. ज्याचं डोकं रेघेच्या वर जाईल त्याला दंडाला धरून बाजूला घेत. दुबे असाच सापडला. सव्वासहा फूट, आणि चालला तरी दमणारा. त्याचं म्हणणं तो बहिणीचा फॉर्म भरायला आलाय, त्याला स्वतःला शिकायचंच नाही, त्याचं दूध-डेअरीचं बघायचं ठरलंय. कोचसाहेब म्हणाले, संध्याकाळी डेअरी, सकाळी बीए. बहिणीला शेवटी दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दुबे आमच्याकडं राहिला. कॅप्टन फैजान मात्र स्वतःहून आलेला. जुन्या शहरातला, खडूच्या रेघेच्या वीतभर खाली, जिभेनं आणि पायांनी सारखाच चपळ. कोचसाहेबांनी त्याला उंचीवरून परत पाठवलं तर अस्सल भोपाळी बोलीत म्हणाला, "को खां, लकीर थोड़ी नीचे कर लो, आपका क्या जाता है." त्यांनी ओल्या बोटानं रेघ पुसली आणि खाली मारली.

मग नवे प्राचार्य आले. सांख्यिकीचे माणूस, बोलणं मोजकं. पत्नी मोठ्या सरकारी अधिकारी, राहायला चार इमलीत, बड्या साहेबांच्या वस्तीतल्या बंगल्यात. त्यांच्या पहिल्याच वार्षिकोत्सवात कोचसाहेबांनी नेहमीप्रमाणे खेळांचा अहवाल वाचला: बास्केटबॉलमध्ये यंदा मागील वर्षाच्या तुलनेत उल्लेखनीय प्रगती. आम्ही नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी माइकवरच विचारलं, "मतलब, जीते कि हारे?"

"फर्क घटा, सर."

"जीते कि हारे?"

कोचसाहेबांनी टाइम-आउटची खूण केली. प्राचार्यांना तिचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं, हा माणूस माइकची उंची दाखवतोय, त्यांनी माइक खाली केला आणि तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा कोचसाहेब "हारे" म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या मीटिंगमध्ये गाड्यांचा विषय निघाला. स्टाफच्या गाड्या वाढल्या होत्या, फाटकाबाहेर रस्त्यावर उन्हात उभ्या राहायच्या, आणि वरून लंगूर. माकडांना गाडीचा टप फार आवडतो. प्राचार्य म्हणाले की मागं एक पक्कं मैदान पडून आहे. कोचसाहेब उठले, पाय रोवला, आणि पडून नाही, तिथं रोज सकाळी सराव होतो, असं म्हणाले. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे. यंदाची विभागीय स्पर्धा आपल्याकडं आहे. घरच्या मैदानावर एक सामना जिंकून दाखवा. एक. कोर्ट तुमचं. नाहीतर पार्किंग.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. त्याच महिन्यात मी गाडी घेतली होती. पहिलीच, लहानशी, मरून रंगाची. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या टपावर एक लंगूर सहकुटुंब बसून गेलं होतं आणि तिथं घमेल्यासारखा खड्डा पडला होता. मी रोज संध्याकाळी आत बसून हातानं तो वर ढकलायचो, आणि तो रोज सकाळी खाली यायचा.

सामना सकाळचा होता, बाद पद्धतीचा: हरलो की स्पर्धेबाहेर. समोरचा संघ तगडा, गेली काही वर्षं चषक नेणारा, एकसारख्या निळ्या बुटांचा. पण कोर्ट आमचं होतं. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे तीन पास नाल्यात गेले. त्यांच्या सगळ्यात चांगल्या नेमबाजानं डावीकडून चेंडू टाकला तो फांदीला लागून आमच्या हातात आला. त्यांच्या कोचनं तक्रार केली. रेफरीनं पुस्तक चाळलं. त्यात कडुलिंबाबद्दल काही नव्हतं. प्राचार्य पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते आणि मला वाटतं त्यांना मजा यायला लागली होती. दुबे बास्केटखाली उभा होता, तो धावत नव्हता, पण तिथं त्याची गरजही नव्हती. फैजान चेंडू आणून देई, दुबे हात वर करून आत ठेवी.

अडचण एकच झाली, आणि ती कोचसाहेबांची. दुसऱ्या डावात दुबेनं चेंडू धरून पाय उचलला. रेफरीचं लक्ष नव्हतं. बाकावरून शिट्टी वाजली. सगळे थांबले. कोचसाहेब स्वतःच्याच खेळाडूकडं बोट दाखवून हातांची चक्री फिरवत होते: ट्रॅव्हलिंग. रेफरीनं त्यांना पहिला तांत्रिक फाउल दिला आणि पुन्हा झालं तर बाहेर जावं लागेल असं बजावलं. फैजान येऊन हात जोडून गेला. शिट्टी माझ्याकडं द्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी ते मनात म्हणालो.

शेवटच्या मिनिटात बरोबरी होती. असं कधीच झालं नव्हतं, त्यामुळं अशा वेळी काय करतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. चेंडू आमच्याकडं. दुबेनं तो घेतला, वळला, आणि पाय उचलला. रेफरीनं पुन्हा पाहिलं नाही. मी पाहिलं कारण मी कोचसाहेबांकडं बघत होतो. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पण शिट्टी आधीच तोंडात होती.

ती वाजली. रेफरीनं त्यांना फाटकाचा रस्ता दाखवला. जाताना ते अगदी खालच्या आवाजात मला म्हणाले, "पण उचलला होता त्यानं." आणि गेले. समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळाला, त्यांनी तो घातला, आणि आम्ही एकानं मागे पडलो. पण चेंडू आमच्याकडंच राहिला. वीसेक सेकंद उरलेले. फैजाननं मला टाइम-आउट मागायला लावला, कारण आता बाकावर मोठा माणूस मीच होतो.

मुलं माझ्याभोवती उभी राहिली. घामानं निथळत. त्यांनी आजवर माझ्याकडं पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं.

"सर, एक का फर्क है," फैजान म्हणाला. "इत्ता कम तो कभी हुआ ही नहीं. मारें, के रोकें?"

मला नियम कळत नव्हते, पण प्रश्न कळला होता. एक चेंडू आत गेला की आपण जिंकलो, हे केमिस्ट्रीवाल्यालाही कळतं. मी त्यांच्या डोक्यांवरून फाटकाकडं पाहिलं. कोचसाहेब गजांच्या पलीकडं पाठमोरे उभे होते. त्यांच्यामागं रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, माझी गाडी उभी होती.

"रोको," मी म्हणालो. "फर्क सँभालो."

मी घाबरलो होतो, मला सुचलं नाही, कोचसाहेबांचंच वाक्य तोंडातून गेलं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. आता लिहायलाच बसलोय तर लिहितो: मला सुचलं होतं.

मुलांनी ते इतकं सुंदर केलं. फैजान चेंडू टप्पे देत कोर्टभर फिरला, उताराचा फायदा घेत, निळ्या बुटांच्या मधून. निळे बूट आधी अडवायला धावले, मग गोंधळून उभेच राहिले; मागे असलेला संघ वेळ का काढतोय हे त्यांच्या कोचला समजेना. प्रेक्षक "मार, मार" ओरडत होते. दुबे बास्केटखाली एकटा होता, हात वर करायची सवय होती म्हणून त्यानं एकदा वर केले, आणि मग आठवण होऊन खाली घेतले.

भोंगा वाजला. आमची मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. फैजानला खांद्यावर घेतलं, दुबे चक्क धावला. जिंकलेला संघ बाजूला उभा राहून हे बघत होता आणि त्यातल्या एकानं जाऊन फलक पुन्हा वाचला. प्राचार्य खुर्चीतून उठले, टाळ्या वाजवत माझ्याकडं आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जीत गए. भई, मान गए."

मी त्यांना सांगितलं. बोलणं कमी पडू नये म्हणून फलकही दाखवला. त्यांनी माझा हात हळूच सोडला.

आरडाओरडा ऐकून कोचसाहेब फाटकातून धावत आले. इतकं धावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. अर्ध्या कोर्टावर येऊन ते थांबले, कारण तिथून फलक दिसतो. फैजाननं खांद्यावरूनच ओरडून सांगितलं, "सर, एक. ऑल टाइम रिकॉर्ड." कोचसाहेबांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, मी बाटल्या मोजत होतो. मान वर केली तेव्हा ते एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवत होते. मग सगळ्यांना पोहे-जिलेबी खायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. चेंडू रोखायला कुणी सांगितलं, एवढाच प्रश्न होता. माझ्यासमोर चहा ठेवलेला होता. मी कप उचलला, म्हणजे बोलण्याआधी एक घोट घ्यावा म्हणून.

"मैंने," कोचसाहेब म्हणाले.

आप तो बाहर थे, असं प्राचार्य म्हणाले. त्यावर कोचसाहेबांनी सांगितलं की जाता जाता खूण करून गेलो होतो. कोचसाहेबांना वाटलं होतं, मुलांनी आपणहून केलं. ते फैजानला वाचवत होते. फैजान कुणाला काही बोलला नव्हता, पण तो मला वाचवत नव्हता, त्यात वाचवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीनं मी बरोबर सांगितलं होतं.

 प्राचार्य म्हणाले की मुलं गडबडली असती तर मी समजू शकलो असतो. एका गुणानं हरलेला संघ पुढच्या वर्षी जिंकेल, एवढी सांख्यिकी मला येते; मी एक वर्ष दिलं असतं. पण कोचच जर हरायला सांगत असेल तर मग काय देऊ. ते रागावून बोलले नाहीत. त्यामुळंच त्यांना थांबवणं सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझ्या चहावर साय धरली.

कोर्टावर पांढरे पट्टे आखले गेले. कोचसाहेब त्याच वर्षी निवृत्त झाले आणि कोलार रोडला मुलानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. संघ मोडला, त्यामुळं आमचं अखेरचं रेकॉर्ड एका गुणाचं राहिलं, आणि ते आता कुणी वाढवू शकत नाही. माझी गाडी कडुलिंबाखाली लागते. टपाचा खड्डा तेवढा तसाच आहे.

परवा एका नव्या सहकाऱ्यानं स्टाफरूममध्ये कोचसाहेबांची नक्कल केली. डावा पाय रोवून, सगळा किस्सा, शेवटच्या वीस सेकंदांसकट. त्यानं त्यांना पाहिलेलंही नाही. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना माझाच आवाज मला ऐकू आला. रविवारी मी कोलार रोडला गेलो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोचसाहेब आता उजव्या पायावर वळतात. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीला त्यांनी एक रिंग ठोकून घेतली आहे आणि सोसायटीची कमिटी ती काढायला लावते आहे. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलात, भाऊजी. घरात मला एकटीला फाउल मिळतात."

मी बसलो आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा न थांबता बोललो. टाइम-आउटमध्ये फैजाननं काय विचारलं आणि मी काय सांगितलं, सगळं.

कोचसाहेब चिडले. पण भलत्याच गोष्टीवर. "फर्क सँभालना माझी सिस्टीम आहे. एवढी वर्षं घोटून घेतली मी पोरांकडून. आणि तुम्ही आता येऊन म्हणता, मी केलं?"

मी म्हणालो, तसं नाही. तुमची सिस्टीम मी वापरली. मला कोर्ट जायला हवं होतं. मला गाडी लावायला जागा हवी होती.

"गाडी?"

"गाडी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. कोचसाहेब खिडकीकडं वळले, परत माझ्याकडं वळले, पुन्हा खिडकीकडं. मी उठायच्या तयारीत होतो.

"थांबा. बात अशी आहे," ते हळू म्हणाले. "वीस सेकंद उरलेले. आपण एकनं मागे. आणि तुम्हाला वाटलं, पोरांना रोखलं नाही तर ते जिंकतील?"

"हो. म्हणून तर."

"खरंच वाटलं?"

"खरंच."

ते खुर्चीत बसले. "मला नव्हतं वाटलं, प्रोफेसर. मी फाटकाबाहेर उभं राहून हेच म्हणत होतो, फेकू नका रे, राखा, एक आहे तो एकच राहू दे. बघवत नव्हतं म्हणून पाठ केली होती. फैजानला वाटलं असतं तर तो विचारायला आलाच नसता. सगळ्या टीममध्ये तुम्ही एकटे." आणि आतल्या दिशेनं आवाज चढवून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? प्रोफेसरांना वाटलं होतं आपण जिंकतोय."

वहिनी दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, गाडीचंसुद्धा, ते त्यांच्या बघण्यातून कळत होतं. पण त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. जेवून जा, एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी निघताना ते मला सोडायला खाली आले. टाकीपाशी कॉलनीची मुलं खेळत होती. कोचसाहेबांनी शिट्टी वाजवून त्यांना थांबवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इनको देख लो. पूरे भोपाल में एक यही आदमी था जिसको हमारी टीम पर भरोसा था."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.